मांडवातलं घड्याळ

आज जुन्या घड्याळात नवा सेल घातला. झाकण उघडताच पितळेचा उग्र वास आला आणि मी खोडाळ्याला, माझ्या लग्नाच्या मांडवात जाऊन पोचले.

जावयाला द्यायचं म्हणून बाबांनी मोखाड्याच्या बाजारातून ते सोनेरी घड्याळ हौसेनं आणलं होतं. माझ्या नवऱ्याच्या मामांनी ते कानाला लावलं आणि सगळ्यांदेखत हसले.

"घड्याळ डुप्लिकेट हाय. पोरगी तरी वरिजनल हाय ना?"

बाबा खाली मान घालून सांडलेल्या अक्षता वेचत राहिले.

सोनेरी मुलामा कधीच उडाला, पण घड्याळ मी बंद पडू दिलं नाही. आता तेच मामा आमच्याकडे अंथरुणाला खिळलेत. सारखं विचारतात, "किती वाजलं गं, सूनबाई?"

मी सांगत नाही. घड्याळ त्यांच्या कानाला लावते.

"डुप्लिकेटलाच विचारा, मामा."