चांगुणाबाईंची राखण

चामटोलीच्या चांगुणाबाई येशूच्या झाल्या तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सोडल्या, मिश्री आणि राखण. मिश्री सोडताना जीव कासावीस झाला, पण राखण सोडताना अख्खी भावकी अंगावर आली. कारण त्या भागात राखण म्हणजे कोंबडा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की बांधावरच्या उंबराखाली राखणदाराला कोंबडा द्यायचा, मग तो वर्षभर शेतावर नजर ठेवणार. चांगुणाबाईंनी सगळ्यांना सुनावलं, आपला राखणारा आता वर आहे, तो कोंबडा मागत नाही.

नवरा हिंदुराव भांडणारा गडीच नव्हता. तो भावाच्या घरून गुपचूप कोंबडा देऊ लागला. रस्सा तिकडेच ओरपायचा आणि तोंड धुऊन, अगदी साळसूद चेहऱ्याने घरी यायचा. चांगुणाबाईंना वासावरून कळायचं. त्या बोलत नसत. दोन धर्मांचा संसार एका चुलीवर चालवायचा तर नाकाला थोडी शिस्त लावावी लागते.

बाकी हिंदुराव लाख माणूस. दर रविवारी बायकोला सायकलवर डबलसीट बसवून बदलापूर पश्चिमेला न्यायचा. तिथे एका भाड्याच्या गाळ्यात पास्टर जयदेव यांची मंडळी भरायची. हा आत कधी गेला नाही. बाहेर पायरीवर बिडी ओढत बसायचा, आतून शेवटचं ‘आमेन’ ऐकू आलं की बिडी विझवून सायकल सरळ करायचा. गाणी रंगात आली की गाळ्याचा मालक येऊन शटरवर काठी आपटायचा, तेही हा पायरीवरून बघायचा. त्या काठीचा राग हिंदुरावाला बायकोपेक्षा जास्त यायचा.

शेवटच्या आजारपणात तो म्हणाला, “नदीकडचं खालचं भातखाचर तुझ्या देवाला दे. तुमचं ते जे काय असतं ते बांधा तिथं. कुणी शटर वाजवता कामा नये.” चांगुणाबाई ओक्साबोक्शी रडल्या. ज्याने एकदा तरी आत यावं म्हणून त्यांनी इतकी वर्षं प्रार्थना केली, तो आत आलाच नाही आणि सगळ्यांसाठी आत यायची जागा देऊन गेला. आता तिथे प्रार्थनेचा हॉल उभा राहिलेला बघायचा, मग डोळे मिटायचे, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

या स्वप्नाला खो घातला तो त्यांच्याच नातीने. श्रद्धा अंबरनाथच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला होती आणि आजीजवळच राहायची. मंडळीतल्या तरुणांच्या शिबिरात जाऊन आली आणि जेवताना तिने विषय काढला.

“आजी, खालचं खाचर पूररेषेच्या आत येतं. जोतं उंच केलं तर परवानगी मिळेलही. पण त्यासाठी भराव टाकायचा, मग तिथलं पाणी जाईल कुठे?”

“नदीला जाईल. आजवर कुठं गेलं?”

“आजवर आपल्या खाचरात बसायचं. आता पाऊस पूर्वीसारखा पडत नाही. समुद्र तापलाय, हवा जास्त पाणी धरते आणि एकदम ओतते. भराव टाकला की ते थेट पलीकडच्या कातकरी वाडीत शिरणार.”

चांगुणाबाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “नोहाला देवाने शब्द दिलाय. पुन्हा जग बुडवणार नाय. इंद्रधनुष्य कशाला ठेवलंय मग?”

“देवाने दिलाय गं शब्द. आपण वाडी बुडवणार नाही, असा शब्द आपण कुणाला दिलाय?”

आजी उठून गेल्या. नात चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. ती खरं बोलली की खोटं हेच कळेना, म्हणून त्यांनी अबोला धरला. पोरीला शिकवलं आणि तिने आजोबाच्या शेवटच्या शब्दावर पाणी ओतलं, हे त्यांना फार लागलं.

पुढच्या रविवारी तरुणांचा दिवस होता आणि वचन सांगायला श्रद्धा उभी राहिली. चांगुणाबाई पहिल्या रांगेत, तोंड फिरवून. श्रद्धाने अगदी सुरुवातीची गोष्ट घेतली. देवाने माणूस घडवला, त्याला बागेत ठेवलं. “आणि कशासाठी ठेवलं?” ती म्हणाली. “मशागत करायला आणि राखण करायला. म्हणून म्हणते, आपणही आता राखण करायला हवी.”

चांगुणाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आवणी नुकतीच झाली होती. भावकीने पोरीचे कान भरले, आता ही देवाच्या घरात उभी राहून कोंबडा मागते आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. त्या पदर खोचून उठल्या आणि सगळ्यांसमोरून बाहेर पडल्या. त्यांच्यामागून चामटोलीच्या आणखी तिघी उठल्या, कारण कोंबड्याची भीती त्यांनाही होती. श्रद्धा तशीच उभी, कोणत्या शब्दाने घात केला हेच तिला कळेना.

संध्याकाळी पास्टर जयदेव घरी आले. चहा घेतला, घसा खाकरला.

“आजी, तो शब्द पोरीचा नाही. शास्त्रातच आहे. राखण, असाच आहे.”

“मी कवा ऐकला नाय.”

“मीच वाचत नव्हतो. तुम्ही नव्याने विश्वासात आलेल्या, घरी एवढी भांडणं झालेली. म्हटलं, राखण ऐकून पुन्हा कोंबडा आठवायला नको. म्हणून दर वेळी ‘देखभाल’ म्हणत आलो.”

चांगुणाबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे आपला पास्टर एवढी वर्षं एका शब्दाला बगल देत आलाय हे कळायला मार्ग नव्हता. त्या हसल्या. 

पास्टर गेल्यावर त्या खालच्या खाचराकडे निघाल्या. वाटेत त्यांना लहानपणचा शेतातला मचाणासारखा माळा आठवला. कोंबडा मोठी माणसं द्यायची, पण रानडुकरं हाकायला माळ्यावर बसायच्या त्या आणि त्यांचा बाप. थंडीत डबा बडवायचा, झोप आली की बाप गोष्ट सांगायचा. त्यालाही राखणच म्हणायचे. तो शब्द त्यांनी कोंबड्यासोबत कधी टाकून दिला, हे त्यांनाच कळलं नव्हतं. खाचरात पाणी गुडघाभर उभं होतं, रोपांची नुसती टोकं वर. पलीकडे वाडीतल्या चुली पेटलेल्या दिसत होत्या. हे पाणी इथून उचललं तर त्या चुलींवर जाणार, हे सांगायला नात कशाला हवी होती. दिसत होतं ते. त्या बांधावर बसून हिंदुरावाशी बोलल्या, त्याची माफी मागितली आणि मन भरेपर्यंत रडल्या.

घरी आल्यावर त्यांनी श्रद्धाला जवळ ओढलं. “इतकी वरसं कोंबडा देऊन दुसऱ्याला राखायला सांगत व्हतो, गो. मग म्हटलं, देव राखील. त्याने तर मलाच सांगितलं व्हतं.” श्रद्धा आजीच्या कुशीत शिरली, आणि अबोला तिथेच संपला.

पण घरातला अबोला संपला म्हणून मंडळीचा प्रश्न सुटत नाही. रविवारी चांगुणाबाईंनी उभं राहून सांगितलं, खाचर देवाचं ते देवाचंच, पण त्यावर भराव पडणार नाही, हॉल होणार नाही.  कुणी नकाशा काढून आणला होता, कुणी पंखे देणार होतं. उल्हासनगरचे भूपेशभाई कापडवाले हॉलसाठी सगळ्यात जास्त धावले होते. मनाने सरळ माणूस, त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं.

“माई, ये सब पाणी, गरमी, होणारच आहे. शेवटचे दिवस आहेत. प्रभू येणार, ही पृथ्वी जाणार, नवीन मिळणार. मग एका खेताला सांभाळून काय फायदा? तोपर्यंत त्याचं घर तरी बनवू.”

मान डोलावणारे पुष्कळ होते. चांगुणाबाईंनी भूपेशभाईंचा हात हातात घेतला. खरं तर हॉल चांगुणाबाईंइतका कुणालाच हवा नव्हता, आणि हिंदुरावाला आता काय सांगायचं हे अजून पुरतं ठरलं नव्हतं.

“येणार तो, भाऊ. मीबी वाट बघते. पण आल्यावर त्याने इचारलं, चांगुणा, तुला राखायला दिलं व्हतं ते खाचर कुठाय, तर काय सांगू? तुझ्या घराखाली गाडलंय म्हणू?”

भूपेशभाईंनी त्यांना हात धरून खाली बसवलं. मग ते स्वतःही चांगुणाबाईंशेजारी सतरंजीवर बसले.