बॅनरवरची मुलगी

लालबाग-परळमध्ये माणसाचा फोटो बॅनरवर लागायला फार काही करावं लागत नाही. वाढदिवस असला तरी लागतो, दहावी पास झालं तरी लागतो, आणि काहीच केलेलं नसलं तरी दुसऱ्याच्या वाढदिवसाला शुभेच्छुक म्हणून कोपऱ्यात लागतो. मी गिरगावची. आमच्याकडेही हे सगळं आहेच, त्यामुळे नाक्यानाक्यावरच्या त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे मी कधी मान वर करून बघत नाही. त्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी, परळच्या आमच्या ऑफिसकडे चालत जाताना सिग्नलला थांबले, सहज वर पाहिलं, आणि सिग्नल सुटला तरी तिथेच उभी राहिले.

वर आमची एक मुलगी होती. आमची म्हणजे आमच्या संस्थेची. ज्या मुलांची शाळा सुटायची भीती आहे त्यांच्या घरी दरमहा ठरावीक रक्कम थेट खात्यात पाठवायची, आणि मूल नियमित शाळेत जातंय ना, ते बघायचं, असं आमचं काम. मी ते बरीच वर्षं सांभाळते. रक्कम काही मोठी नसते. पण मुलाला कामाला लावायचं की वर्गात बसवायचं, या घरातल्या वादात ती वर्गाच्या बाजूने बोलते.

ही मुलगी नववीत होती. आई गेलेली. बाप महाडच्या पुढे कुठल्याशा गावात. बायको गेल्यावर त्याने थोरल्या मुलीची शाळा सोडवली आणि वर्षाच्या आत, वय भरलेलं नसताना, तिचं लग्न उरकून टाकलं. कुठे दिली तेसुद्धा त्याने तिच्या आजोळी कुणाला नीट सांगितलं नाही. आता धाकटीचा नंबर लागतोय असं दिसल्यावर तिची मावशी गावी गेली आणि चार दिवस नेते म्हणून तिला लालबागला घेऊन आली. ते चार दिवस अजून चालू होते.

मावशी मसाल्याच्या डंकावर कामाला होती. दिवसभर मिरची कुटून तिचे डोळे कायम लाल असायचे, त्यामुळे ती रडून आली आहे की कामावरून आली आहे, हे मला कधी ओळखता आलं नाही. मुलगी तिच्याकडे होती खरी, आणि मावशी मुंबईत नेमकी कुठे राहते ते बापाला माहीत नव्हतं, पण कायद्याने ताबा बापाचा. तो मावशीला मिळावा म्हणून आम्ही बाल कल्याण समितीकडे अर्ज केला होता आणि सुनावणी गणपतीनंतर होती. मुलगी कुठे आहे हे बापाला कळायचं ते समितीसमोरच कळावं, तोवर नाही, एवढीच आमची सगळी हुशारी. शाळेच्या वर्गाच्या फोटोतसुद्धा तिला उभं करायचं नाही असं ठरलं होतं.

आणि आता ती भर नाक्यावर, माझ्या उंचीएवढा चेहरा करून हसत होती. शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेत पहिली, हार्दिक अभिनंदन. खाली मंडळाचं नाव आणि त्याच्या खाली, मोलाचे सहकार्य म्हणून, आमच्या संस्थेचं.

मी तशीच मंडळाच्या ऑफिसात शिरले. माझा आवाज मुळात चढा, त्या दिवशी तो भारतमाता सिनेमापर्यंत गेला असणार. कार्यकर्ता बिचारा खुर्ची पुसून देत होता.

"मॅडम, टेन्शन कसलं घेताय? आपल्या एरियातली पोरगी फर्स्ट आली, नाव नको करायला? तुमचं पण टाकलं ना, फ्रीमध्ये."

"फोटो कुणी दिला तुम्हाला?"

"तिनंच. स्वतः आली होती घेऊन."

सांगता येईल तेवढं मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा खाडकन उतरला. "आईशप्पथ मॅडम, आम्हाला काय माहीत," म्हणाला, आणि तासाभरात स्वतः शिडीवर चढून त्याने बॅनर उतरवला. पण मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो आदल्या रात्रीच गेला होता. तिथून तो कुठे कुठे गेला हे कोण सांगणार? गावागावांतले चाकरमानी त्या ग्रुपवर होते.

संध्याकाळी मावशीच्या चाळीत गेले ती तिला फैलावर घ्यायला. मावशी भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापत होती. मुलगी पुस्तक उघडं ठेवून बसली होती. मी विचारलं, "अगं, का दिलास फोटो?"

"ताई बघेल म्हणून," ती म्हणाली. "गणपतीत सगळेच येतात लालबागला. तिच्या सासरचे पण येतील."

"आणि बाबा?"

"बाबा पण येतील." तिने हे आधीच धरून ठेवलं होतं. "पण ताई आधी येईल."

मला रागावता आलं नाही. मावशीने तवा खाली उतरवला आणि वळून म्हणाली, "आता हिका खंय घेऊन जाऊ मॅडम? गावाक तो, आणि हयसर ही गर्दी."

गर्दी तर आलीच. दरवर्षी मला ती आवडते. बांबूचे कठडे, चपला हातात घेऊन तासन् तास उभी राहिलेली माणसं, लिंबूपाणीवाले, पोलिसांच्या शिट्ट्या. त्या वर्षी मात्र मी पुरुषांचे चेहरे बघत चालत होते. मी त्या बापाला कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणजे त्या रांगेतला कुणीही तो असू शकत होता. एक माणूस आमच्या बिल्डिंगकडे बोट करून दुसऱ्याला काही सांगत होता. जवळ गेले तर तो मुतारीचा रस्ता दाखवत होता.

गौरी आल्या त्या दिवशी ऑफिसात फोन आला. आवाज फार शांत.

"मी तिचा बाप बोलतोय. फोटो बघितला. अभिमान वाटला." मग जरा थांबून, "ते दर महिन्याचे पैसे कुणाच्या खात्यात जातात? बाप जिवंत असताना मावशीच्या खात्यात कसे काय?"

मला कळायला एक क्षण लागला. मुलगी घरी आली म्हणजे हे पैसेही आपल्या घरी येणार, असं तो धरून चालला होता. आपल्या पैशाने मूल शाळेत टिकतं, हे मी देणगीदारांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. त्याच पैशाने ते मूल एखाद्याला परत न्यावंसं वाटेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी फोनवर ओरडले. इथे पाय ठेवलात तर पोलिसांना बोलवीन म्हणाले.

"बोलवा ना," तो म्हणाला. "पोलीस पोरीला कुणाच्या ताब्यात देतील?" आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मुलगी आमच्या ऑफिसच्या आतल्या खोलीत बसायला लागली. मावशी कामावर जाण्याआधी तिला सोडायची, नंतर नंतर स्वतःही कामावर जाईनाशी झाली. गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी मी तिला पाठवलं नाही. मुख्याध्यापिकांना खरं काय ते सांगितलं होतं. तरी रोज सकाळी मला चमत्कारिक वाटायचं. घरोघरी जाऊन हजेरीसाठी आयांच्या मागे लागणारी मी, हिला मीच दार लावून घरात बसवल्यासारखं बसवलं होतं.

विसर्जन झालं आणि लालबाग एकदम रिकामं झालं. रस्त्यावर गुलाल, तुटलेले कठडे, माणूस नाही. गर्दीत मला भीती वाटत होती, पण त्या मोकळ्या रस्त्याची जास्त वाटली. समितीची तारीख सोमवारची होती.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी ती आली. कडेवर बाळ, डोक्यावर पदर. चेहरा त्या मुलीचाच, फक्त कुणीतरी घाईघाईने मोठा केलेला. ती कोण हे तिने सांगायच्या आधी मला कळलं.

"बहिणीला न्यायला आलेय," ती मोठ्याने म्हणाली. जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बाबांनी पाठवलंय. ते खाली उभे आहेत. बॅनरवर तुमचं नाव होतं."

"ती इथे नाही," मी म्हणाले.

तिने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. दाराबाहेर दोन जोड चपला होत्या, मावशीच्या आणि शाळेतल्या मुलीच्या. ती त्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या टेबलाशी आली आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागली.

"मला दाखवू नका तिला. मला खोटं बोलता येत नाही. बाबा नुसते बघतात माझ्याकडे आणि मी सगळं सांगून टाकते. न बघता गेले तर दिसली नाही म्हणता येईल."

ती बहीण दाराच्या पलीकडे होती, आणि या बाईला भेटण्यासाठीच तिने एवढं सगळं केलं होतं.

"तू थांब इथे," मी म्हणाले. "खाली जाऊच नकोस. तुझीही सोय करू आपण."

"माझा मोठा मुलगा सासरी आहे. त्यांच्याकडे." तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "कधीपर्यंत ठेवाल हिला?"

"सोमवारपर्यंत. मग ती मावशीची होईल." हे मी उसनं अवसान आणून म्हटलं. सोमवारी समितीने खरंच ताबा मावशीला दिला, पण त्या शुक्रवारी मला त्याची काहीच खात्री नव्हती.

"पहिली आली ते खरं ना?"

"अगदी खरं."

"मी आठवीपर्यंत होते," ती म्हणाली. रडली नाही. दाराशी जाऊन पुन्हा मोठ्याने म्हणाली, "नाहीये तर नाहीये, सांगते तसं," आणि जिना उतरली.

मी खिडकीशी गेले. खाली नारळवाल्याच्या गाडीजवळ एक माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. दिसायला सज्जन. ती त्याच्याजवळ गेली, मान हलवली. त्याने तिला काहीतरी विचारलं, तिने परत मान हलवली. मग त्याने पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने तिच्या तोंडात मारली, बाळ कडेवर असताना. नारळवाल्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. ती पदर सारखा करत त्याच्यामागून चालायला लागली.

आतल्या खोलीचं दार मी उघडलं. मला वाटलं होतं मावशीने तिला धरून ठेवलं असेल, तोंडावर हात दाबला असेल. तसं काही नव्हतं. मावशी कोपऱ्यात पदरात तोंड खुपसून बसली होती, आणि मुलगी दाराला अगदी चिकटून, पाय पोटाशी घेऊन जमिनीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला कुणीही अडवलं नव्हतं.

"तिचा आवाज बदललाय," ती म्हणाली. मग वर बघून तिने विचारलं, "मॅडम, मी सापडले नाही म्हणून बाबा तिला मारतील का?"

"नाही गं," मी म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली.