घर रिकामं भेटन

एजंट भाऊ पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी पोट्टीले घेऊन सैपाकघरात जाऊन उभी राहिली होती. मले वाटे हे लोक येते, भिंती ठोकून पाहते अन् आपल्याले बाहेर काढते. पण त्यायनं चप्पल बाहेर काढली, पाणी मागितलं अन् मले वहिनी म्हटलं. म्हणे, "वहिनी, भिऊ नका. घर विकणं म्हणजे पोरगी दाखवणं आहे, जरा सजवा लागते बस." माही सासू हसली. सासू हसणाऱ्यातली बाई नाही, म्हणून मले वाटलं माणूस चांगला असन.

आमचं घर जुन्या नागपुरात, विणकरायच्या वस्तीत. एकामागं एक दोन खोल्या, मंग सैपाकघर, मंग नळाची मोरी. सासरे माग चालवत. ते गेले अन् माग भंगारात गेला, पण पाय सोडून बसाचा खड्डा समोरच्या खोलीत तसाच राहिला, वर फळ्या टाकून ठेवल्या होत्या. आमचे हे बुटीबोरीले कंपनीत जाते. मोठ्या दिरानं पुण्याहून हिस्सा मागितला, तेव्हा घर विकाचं ठरलं. मले कोणी विचारलं नाही, सुनेले कोण विचारते, पण सांगितलं मात्र होतं का शहराबाहेर बेशाले फ्लॅट घेऊ, कंपनी बी जवळ पडन. हे मोबाइलमधी फोटो दाखवत. पुढं गॅलरी, एक खोली, एक हॉल. मी मनातल्या मनात पोट्टीची झोळी कुठं बांधाची, लंगोट कुठं वाळू घालाचे, सारं ठरवून टाकलं होतं.

यायची ड्युटी कधी दिवसाची कधी रातची, म्हणून भाऊंचं सारं बोलणं माह्याशीच होय. ते सदर भागातल्या ऑफिसातून गाडीवर येत, पोट्टीसाठी बिस्किटाचा पुडा आणत, अन् एकेक काम सांगत. आधी मागाचा खड्डा बुजवाले लावला. मजूर मलबा टाकून राहिले होते अन् सासू बाजूले पाटावर बसून होती, त्या दिवशी ती जेवली नाही, मी बी मंग कशी जेवू. वर फरशी बसवली तर ती बाकीच्या फरशीपेक्षा जास्त चमके, म्हणून भाऊ म्हणे तिच्यावर चटई टाका. ओल आलेल्या भिंतीले पुट्टी मारली. गिऱ्हाईक याच्या घंटाभर आधी कूलर चालू कराचा, त्यात वाळ्याच्या ताट्या लावाच्या, लंगोट दोरीवरून काढाचे, मिरचीची फोडणी द्याची नाही, थोडा शिरा करून ठेवाचा. मी सारं करे. पोट्टी रांगाले लागली होती, ती चटई उचलून त्या चमकत्या फरशीवरच जाऊन बसे. भाऊ म्हणत, हिले सांगा वहिनी, पार्टीपुढं तरी इमान राख.

मी त्यायले काही बी विचारू शके. घरात विचारलं तर हे म्हणत, तुले काय करा लागते. भाऊ सांगत. रजिस्ट्री म्हणजे काय, इसार म्हणजे सौदा पक्का कराले आधी देते ते पैसे, ताबा म्हणजे ज्या दिवशी चाबी हातात देतो तो दिवस. मले कोणी असं बसून समजावलं नव्हतं. मी माह्या मायले फोनवर सांगे का एजंट सख्ख्या भावासारखा आहे.

एकदा एक बाई घर पाहून निघाली तर मी सवयीनं तिले कुंकू लावलं, सवाशीण बाई दारातून तशीच कशी जाऊ द्याची. तिले लय बरं वाटलं. भाऊंनं ते पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारातून ब्लाउजपीसचा गठ्ठाच घेऊन आले. म्हणे, "आता जी बाई येईन तिची ओटी भराची. लेकुरवाळ्या बाईच्या हातची ओटी, अन् लेकरू कडेवर पायजे. घर भिंतीनं नाही विकत वहिनी, घरवालीनं विकते."

सासू आतून बोलली, "ओटी सवाशिणीची भरते, गिऱ्हाइकाची नाही."

"काकू, गिऱ्हाईक बी कोणाची तरी सवाशीणच आहे न जी."

मंग मी ओट्या भरत गेली. कोणाले सैपाकघराची दिशा पटे नाही, कोणाले गल्ली बारीक वाटे. एक जण पावलानं खोली मोजत दोन प्लेटा शिरा खाऊन गेला अन् त्यानं पुन्हा फोन उचलला नाही, त्याच्या बायकोच्या पदरात आमचा नारळ बी गेला. सासू त्याचं नाव काढून आठ दिवस टोमणे मारे. मी थकून जाय, पण मनात म्हणे, बेशासाठी करून राहिली, आपल्याच घरासाठी करून राहिली.

शेवटी एक जोडपं आलं. नवऱ्याचं कपड्याचं दुकान, बायको माह्याहून थोडी मोठी, शांत. त्यायले घर आवडलं हे मले लगेच समजलं, कारण बाई काही खोड काढून नाही राहिली होती, नुस्ती भिंतीवरून हात फिरवे. हे, भाऊ अन् तिचा नवरा समोरच्या खोलीत बोलून राहिले होते. मी तिले मधल्या खोलीत पाटावर बसवलं, तांदूळ, सुपारी, ब्लाउजपीस तिच्या पदरात टाकलं. तिनं पोट्टीच्या गालाले हात लावला अन् मले म्हणे,

"तुह्या माहेरी जागा आहे न वं बरी? लेकराले घेऊन राहाचं म्हणजे."

मी म्हटलं, "माहेरी कायले?"

ती म्हणे, "तू उमरेडले चालली न, मायकडं? एजंट म्हणे, फ्लॅट लहान आहे, सासू अन् तिचा लेक तिथं राहीन, सून अन् लेकरू माहेरी जाईन, म्हणून घर पुढच्या महिन्यात रिकामं भेटन."

तिनं काही वाईट मनानं नाही म्हटलं. तिले वाटलं मले माहीत असन. माह्या हातात कुंकवाची कोयरी होती. मी तिले कुंकू लावलं, ते जरा वाकडं लागलं, मी पुसून पुन्हा लावलं. हसली बी असन, मले हसाची सवय लागली होती.

ते लोक गेले, भाऊ बी गाडीवर गेले, हे त्या लोकायले नाक्यापर्यंत सोडाले गेले. मी भाऊंले फोन लावला. आधी यायले विचाराची माही हिंमत नव्हती, अन् मले वाटे भाऊ म्हणतीन का काही चूक झाली. ते म्हणे, वहिनी मले वाटलं तुमाले ठाऊक आहे. म्हणे पार्टीचा पहिला सवाल हाच राहते का घरात कोण कोण आहे, कोणी अडून बसन काय, मले सांगाच लागते. घरचा मामला घरात पाहा. अन् मंग आवाज बारीक करून म्हणे, "सध्या काही बोलू नका वहिनी. इसार होऊ द्या."

किती दिवसापासून माहीत होतं, मी विचारलं. ते म्हणे, सुरुवातीपासून. म्हणजे बिस्किटाचा पुडा आणत तेव्हापासून. माह्या कडेवर पोट्टी ठेवून, माह्या हातानं ओट्या भरून, ते मलेच घराबाहेर काढून राहिले होते अन् मी त्यायले चहात अद्रक टाकून देत होती.

मंग मी मायले फोन केला. मले वाटलं माय रडन, म्हणन हे कोणी ठरवलं. मायनं आधी पोट्टी झोपली काय ते विचारलं. मंग म्हणे, जावई बोलले होते गं बाई, तुह्या भावाशी बी बोलले, आम्ही म्हटलं ये म्हणा काही दिवस. मले वाटलं तुले विचारूनच बोलले असतीन.

मायच्या घरी एक खोली आहे, त्यात माहा भाऊ, भावजय, त्यायची दोन लेकरं. माय स्वतः सैपाकाच्या ओट्याले लागून झोपते. तिनं काहून हो म्हटलं असन. जावयाले नाही कसं म्हणाचं, म्हणून म्हटलं असन. पण मले नाही सांगितलं तिनं, रोज फोनवर बोलून राहिली होती, भाजी काय केली, पोट्टीले दात आले काय.

हे घरी आले तेव्हा मी विचारलं. सासू बाजूलेच तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. हे म्हणे, काही दिवसाची गोष्ट आहे, हिस्सा देऊन लहान फ्लॅटच भेटून राहिला, आईले खोली लागते, लेकरू रातभर रडते, माही रातपाळी, जम बसला का घेऊन जाईन. मी विचारलं, कधी. हे म्हणे, आता तारीख देऊ काय तुले.

आमच्या त्या गल्लीत एक बाई आहे, तिले बी नवऱ्यानं काही दिवसासाठीच माहेरी आणून सोडलं होतं. तिचा पोट्टा आता दहावीत आहे. ती बाई काही वाईट नाही, हसते बोलते, पण मी तिच्या दारावरून जाताना पोट्टीले घट्ट धरून जाय, काहून ते मले समजे नाही. त्या दिवशी समजलं.

मी उठून कणीक मळाले बसली. मले बोलता येत नाही.

इसाराच्या दिवशी सारे समोरच्या खोलीत बसले. कूलर चालू होता. ती बाई, तिचा नवरा, भाऊ, हे, सासू. मी पोट्टीले घेऊन चौकटीत उभी होती, भाऊंनं सांगितलं होतं तसंच. दुकानवाले म्हणे, ताबा बराबर पुढच्या महिन्यात न. भाऊ हसले, म्हणे, एकदम, वहिनी तर बॅगा भरूनच बसल्या आहे उमरेडच्या, अन् त्यायनं माह्याकडं पाहून मान हलवली. असं ते नेहमी करत, मी मान हलवाची म्हणून. आधीच्या सगळ्या पार्ट्यांपुढं मी मान हलवली होती. नळाले पाणी भरपूर येते, मान. शेजारी चांगले आहे, मान.

मी म्हटलं, "मी उमरेडले नाही चालली. मी बेशाले चालली, यायच्यासंगं. पोट्टी बी."

मले वाटलं मी मनातच म्हटलं. पण सारे माह्याकडं पाहून राहिले होते.

भाऊ म्हणे, वहिनी मजाक करते. सासू म्हणे, "आत जाय वं." मी चौकट धरून ठेवली, आत गेली नाही.

दुकानवाल्यानं पैशाची पिशवी मांडीवरून उचलून बाजूले बायकोपाशी ठेवली. माह्याकडं त्यानं पाहिलं बी नाही. यायले म्हणे, "हे पाहा, घरात एकमत नसन तर आमाले हे घर नको. उद्या ही बाई लेकरू घेऊन दारात बसन, मी कुठं जाऊ? साफ सांगा, तुमची बायको कुठं राहीन?"

त्याले माही कीव आली नव्हती, त्याले घराची फिकर होती. पण विचारलं त्यानं. माह्या मायनं नाही विचारलं, माह्या भावानं नाही विचारलं.

हे खाली पाहून होते. भाऊंनं यायच्या मांडीले हळूच हात लावला. मंग यायनं मान वर केली, त्या दुकानवाल्याकडं पाहिलं अन् म्हटलं, "बेशाले. माह्यासंगं."

पिशवी वापस मांडीवर आली. त्या बाईनं जाताना माह्या हातावर हात ठेवला, मी तिले कुंकू लावलं. भाऊ चप्पल घालून गाडीवर बसून गेले.

आता आम्ही बेशाले राहतो. खोलीत सासू, हॉलमधी आम्ही तिघं. गॅलरी फोटोतल्यापेक्षा लहान आहे पण आहे. सासू माह्याशी कामापुरतं बोलते. मायचा फोन येते, मी पोट्टीचंच सांगते, माहं काही नाही सांगत. हे कंपनीतून येते, पोट्टीले उचलते, तिच्याशी खेळते, मले बी बोलते, भाजीचं, गॅसचं, पाण्याच्या टाकीचं. मी ताट वाढते, हे जेवते. पण यायचा फोन वाजला अन् हे उठून गॅलरीत गेले, का माहा हात पोळपाटावर थांबते. दरवाजा काचेचा आहे, तोंड दिसते, ऐकू येत नाही.