गेलं पत्र
माळा आवरताना जुना मोडेम हाताला लागला आणि वर्तकनगरची ती दुपार आठवली. शेजारच्या काकू ओल्या हातांनीच धावत आल्या. "अगं, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. मुलाचा फोन लागत नाही. तुझ्या कम्प्युटरवरून अमेरिकेत कळव, लगेच निघ म्हणावं." मी ई-मेल लिहिली, पण मोडेम किंचाळायचा, तापायचा आणि दर वेळी लाइन तुटायची. काकू माझ्याकडे बघत उभ्या. नवा कम्प्युटर असून जमत नाही, हे सांगायची मला लाज वाटली, म्हणाले, "गेलं पत्र." खरं तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. मुलगा पोचला तेव्हा काकांना अग्नी देऊन एक दिवस झाला होता. काकू त्याला म्हणाल्या, "हिनं लगेच कळवलं रे." त्यानं हात जोडले. अजूनही दर दिवाळीला त्याची मेल येते. मी शुभेच्छा लिहिते, तेवढं मात्र लिहीत नाही.