आत्यानं पाठ केलेला नंबर

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे एक कारण... पण खरं म्हणजे यात माझीच लाज आहे.

साल १९९८. दौंडला रेल्वेत क्लार्क होतो, रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात, लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड शाळेपुढे बसवायचा होता. यादी माझ्याकडे. माझा आजा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला, तो परतलाच नाही. पलटणीतून पळाला, असं गाव म्हणायचं. मी त्याच्या नावापुढं ‘फरारी’ लिहिलं आणि नाव वगळलं.

त्याची मुलगी, माझी आत्या, शिरूरला असायची. ब्याऐंशी वर्षांची, निरक्षर. तो गेल्यावर जन्मलेली. तिनं बोलावून घेतलं.

“नाना, तू बघितलंस का त्याला पळताना? सरकारला लिव.”

“सर्व्हिस नंबर लागतो आत्या. त्याशिवाय रेकॉर्ड ऑफिस दाद देत नाही.” मला टाळायचंच होतं.

पंधरा दिवसांनी गेलो, तर तिनं नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

“कुणी सांगितला?”

“त्यानंच. दुपारचा वट्ट्यावर येऊन बसला. पयलं माझं नाव इचारलं. बाप माझा, पन दिसाया नातवाएवढा!” ती हसली. “म्हनला, लिवून घे. म्हनलं, लिवता येत न्हाई. मंग पाठ कर म्हनला.”

माझी खात्री – कुणीतरी खोटा नंबर चिठ्ठीवर देऊन हिच्याकडून घोकून घेतलाय. ती शेजारी दूध मागायला गेली, तेव्हा मी तिची पत्र्याची पेटी उचकली. लुगडी, फुटका आरसा... चिठ्ठी नाही. वळलो तर ती दारात.

“घावलं का काय?” एवढंच म्हणाली. आणि चहा ठेवला.

तरी संशय जाईना. ऑफिसवाले आला नंबर तसाच परत लिहून पाठवतील, म्हणून अर्जात मी मुद्दाम शेवटचा आकडा बदलला. हे आत्याला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी उत्तर आलं. तुम्ही दिलेल्या नंबरावर दुसराच शिपाई आहे. मात्र त्याच्या शेजारच्या ओळीत हे नाव, हा बाप, हे गाव. बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात तापानं मृत्यू. नंबर – आत्यानं सांगितला होता तोच.

आजीनं कधीकाळी सांगितला असेल? मग आत्या ऐंशी वर्षं गप्प का बसली? मला आजही उलगडा नाही.

पत्र घेऊन शिरूरला गेलो. आत्या अंथरुणाला खिळली होती.

“परत वाच,” म्हणाली. तीनदा वाचलं.

“दगडावर नाव घालतोस न्हवं?”

“घालतो.”

“मंग झालं. जा आता, तुझी एसटी चुकंल.”

पाया पडलो. पेटी उचकली, आकडा बदलला, तुला खोटी समजलो... सगळं ओठांवर आलं होतं. म्हणालो मात्र, “औषध वेळेवर घे.”

आठवड्यानं ती गेली. आत्या, चुकलो गं – एवढं म्हणायचं होतं.