सतरा घरांचं एक मत

माझ्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट एकट्यानं ठरवली नाही. वेल्ह्याच्या डोंगरात सतरा घरांची त्यांची वाडी. काहीही करायचं झालं की मामा आधी ते सतरा उंबरे झिजवायचे. एकदा बैल घ्यायला किकवीकडं गेले, तेव्हा बरोबर चार जाणती माणसं होतीच, तरी सौदा ठरताना मामा बैलाच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "काय रं, येतूस का आमच्यात?" बैलानं मान हलवली. पण ती होकाराची की माशी बसली म्हणून, यावर त्या चौघांत वाद पेटला आणि बैल मालकाकडंच राहिला. जेवायची वेळ झाली की मामीला विचारायचे, "मला भूक लागली आसंल का गं?" मामी म्हणायची, "लागलीया. बसा." मग बसायचे. इतका लाघवी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसाच्या नशिबी मत यावं! त्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. ठराविक सारा भरणाऱ्यालाच होतं, आणि अख्ख्या वाडीत तेवढी जमीन एकट्या मामांची. उमेदवार दोन. एक वकील, त्यांची पेटी तांबडी. दुसरे इनामदार, त्यांची पिवळी. या एका मतासाठी वकिलांची माणसं डोक्यावर ग्रामोफोन घेऊन डोंगर चढली, तर इनामदारांची ढोल घेऊन. मामा दोघांनाही म्हणाले, "इचारून सांगतो." त्यावर दोन्हीकडच्यांनी त्यांना बजावलं की मत गुप्त असतं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मामा हादरलेच. मी तेव्हा भोरच्या कचेरीत कारकून होतो, माझ्याकडं पायी आले आणि म्हणाले, "भाच्या, कुणाला इचारायचं न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई, वर पडद्याआड जाऊन करायचं. ह्ये मत हाय का चोरी?"

फेऱ्या वाढतच गेल्या. ढोलाला बुजून म्हशीनं पान्हा चोरला. पाहुण्यांच्या चहात मामीचा महिन्याचा गूळ आठ दिवसांत संपला. शेवटी लांबून ग्रामोफोन ऐकू आला की मामा कणगीत लपायला लागले. मामी दारात येऊन सांगायची, "घरात न्हाईत," आणि कणगीतून आवाज यायचा, "व्हय, न्हाई म्या." मग त्यांनी भैरोबाच्या अंगाला फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी आधी पडली तर तांबडी पेटी, डावी पडली तर पिवळी. वाडी श्वास रोखून बघत राहिली आणि दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या. "द्येवबी माज्यासारकाच हाय," मामा म्हणाले आणि मत द्यायचंच नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं. सगळे आपापल्या घरी निघाले. वरच्या माळावरची भागाई धनगरीण तेवढी उसळली.

"तुज्या येकट्याचं हाय व्हय त्ये? समद्या वाडीला मिळून येक मत, आन त्येबी तू कणगीत घालून बसनार? आमाला इचारलंस का?"

विचारायचं! मामांचा चेहरा असा काही उजळला, की ग्रामोफोनवाल्यांनी तो बघायलाच हवा होता. त्याच दिवशी ते घरोघर फिरले. प्रत्येकाकडून भाताचा एक दाणा घ्यायचा; तांबड्या पेटीचा धोतराच्या उजव्या गाठीत, पिवळीचा डावीत. बायांचे दाणे घेतले, भागाईचा घेतला, नवराबायकोचं जमेना त्या घरातले दोन दाणे दोन गाठींत गेले. शेवटी मामीला विचारलं, "आन माजं गं?" मामी म्हणाली, "त्ये तुमचं तुमी बगा."

मतदानाच्या दिवशी मामा पडद्याआड गेले ते येईचनात. बाहेरून अंमलदार ओरडले, "आजोबा, दळण दळताय का काय?" आतून उत्तर आलं, "आलो, आलो, सतरा घरं हायती!" स्वतःचा कागद त्यांनी कुठल्या पेटीत टाकला, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

भोरला पेट्या उघडल्या तेव्हा मी टेबलाशी होतो. कागदांबरोबर दाणे घरंगळले. कुणीतरी म्हणालं, "उंदरांनीही मत दिलं वाटतं," आणि सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, त्याची मला आजही लाज वाटते. सगळे पांगल्यावर जमिनीवरचे दाणे वेचून मी रुमालात बांधले. दुसऱ्या दिवशी मामा आले. कोण निवडून आलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"आमचं दाणं मोजलं का रं?"

"मोजले, मामा."

"भागाईचाबी?"

"भागाईचाही."

मामा पाणीसुद्धा न पिता वाडीला निघाले. सतरा घरांत ही बातमी सांगायची होती.

पुढं सगळ्यांना मत मिळालं तेव्हा मामा नव्हते. मामीला मतदानाला मीच घेऊन गेलो. तिच्या पदराला एक छोटी गाठ दिसली. "हा कुणाचा दाणा, मामी?"

"कुनाचा म्हंजी? त्यांचा."

"पण कुठल्या पेटीत टाकायचा, ते कसं ठरवलंस?"

मामी माझ्याकडं वेड्याकडं बघावं तशी बघत राहिली. "निगतानाच इचारलं की त्यास्नी," ती म्हणाली आणि पडद्याआड गेली.