खांद्यावरची चार बोटं

जळगावच्या उखर्डूभाऊंचं नाव ऐकून परगावचं माणूस हसायचंच. आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईने याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं; मग दुसरं काय नाव ठेवणार? पण हेच उखर्डूभाऊ फोटोग्राफर झाले आणि भल्याभल्यांना दमात घेऊ लागले. हललात तर दोन तोंडं येतील, मग बायको कोणत्या तोंडाशी भांडेल, असं विचारायचे. माणूस तिखट, पण काम चोख.

सन त्रेचाळीस. फोटो तेव्हा काचेवर उठायचा आणि लढाईमुळे मोठ्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. भाऊंनी कॅमेऱ्यात लाकडी चौकट बसवून अर्ध्या काचा वापरायला घेतल्या. भिंग मात्र जुनंच. फोटोत माणसं कमी मावतात म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं की ते त्याला खिडकीशी नेत. खिडकीला नाक लावा, अख्खं अंगण दिसतं. चार पावलं मागे या, कमी दिसतं. भिंग आणि काच यांतलं अंतर म्हणजे ती चार पावलं. आता पावलं तेवढीच ठेवून खिडकीच लहान केली, तर कडा जाणारच ना बाबा! आखूड अंतराचं भिंग असतं तर निभावलं असतं, पण ते आणायचं कुठून? म्हणून ज्या दुधी काचेवर उलटं चित्र पाहून फोटो जुळवतात, तिच्यावर त्यांनी पेन्सिलीच्या रेघा मारल्या होत्या. रेघांच्या आतलं तेवढंच आपलं.

त्या साली भडगावच्या लोटन आबांनी घरच्या सगळ्यांचा फोटो काढायला बोलावलं. पाचोऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडीत नुसता फुफाटा. पोचल्यावर भाऊंनी दुधी काच धोतराच्या सोग्याने लख्ख पुसली. रेघाही पुसल्या गेल्या, ते ध्यानातच आलं नाही. पूर्ण काच भरायची तीस वर्षांची सवय. अख्खी काच माणसांनी भरलेली दिसली आणि ते खूश झाले.

डाव्या टोकाला यशोदाअक्का होत्या, आबांची विधवा भावजय. विसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, पोटी मूल नाही, पण घरातलं एकूणएक लेकरू त्यांच्याच मांडीवर वाढलं. चार माणसांत कडेला राहायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. शेजारी उभ्या असलेल्या आबांच्या नातीच्या खांद्यावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. जन्मातला पहिला फोटो.

जळगावी काच धुतली आणि भाऊंनी ती उजेडासमोर धरली. उजवीकडचा ओसरीचा खांब गेला होता, त्याचं काही नाही. डावीकडे अक्काच नव्हत्या. नातीच्या खांद्यावर फक्त चार बोटं होती.

भाऊ फोटो घेऊन स्वतः भडगावला गेले. फोटो या हातातून त्या हातात फिरला. आबा म्हणाले, वा, सगळे आले. अक्का कुठे आहेत, असं एकानेही विचारलं नाही. भाऊंना आधी त्या सगळ्यांचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. शेवटी फोटो अक्कांकडे आला. त्यांनी बराच वेळ शोधलं, ती बोटं सापडली, आणि त्यांनी पदराने फोटो हळूच पुसला.

"मन्हा हात ते उना, भाऊ," त्या म्हणाल्या. हात तरी आला, हेच त्यांना पुष्कळ होतं.

भाऊंनी दुसऱ्यांचे हजार फोटो काढले, स्वतःचा एक नाही. त्यासाठी शेवटची एक मोठी काच चार वर्षं पेटीत जपून ठेवली होती. ती आणि कॅमेरा ते घेऊनच आले होते. विधवा बाईचा एकटीचा फोटो कशाला, म्हणून आबा पुटपुटले. चूक माझी आहे, मीच निस्तरणार, असं भाऊंनी सुनावलं आणि अंगणात बाज टाकायला लावली.

अक्का येऊन बाजेच्या अगदी कडेला बसल्या. बाकीची सगळी बाज रिकामी. भाऊ म्हणाले, मधे बसा ना.

"बठ्ठासले जागा जोयजे ना, भाऊ."

सगळ्यांना जागा हवी म्हणे, पण बसणारं दुसरं कुणीच नव्हतं. भाऊ काळ्या फडक्याखाली शिरले. काचेवर सगळं मावलं होतं, उलटी रिकामी बाज आणि टोकाला अक्का. ते डोळे पुसत बाहेर आले.

"अक्का, तुम्ही हालू नका," ते म्हणाले. "मी सरकतो."

आणि कॅमेऱ्याची तिपाई उचलून ते सरकत राहिले, अक्का काचेच्या मधोमध येईपर्यंत.